रविवारची भांडी

आमच्या घरात आठ महिने एक नियम होता आणि तो मीच केला होता. कायदा, दवाखाना, डॉक्टर, औषध हे चार शब्द रविवारी जेवणाच्या टेबलावर काढायचे नाहीत. जो काढेल त्यानं सगळ्यांची भांडी घासायची. मला त्या नियमाचा फार अभिमान होता. आता आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

नियम का केला ते आधी सांगते, म्हणजे मला बोल लावायच्या आधी माझी बाजू तरी कळेल.

मी सरकारी दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीत बसते. एकवीस वर्षं झाली. काचेला खाली एक भोक आहे, त्यातून लोक कागद आत सरकवतात. वर दुसरं भोक आहे, त्यातून मला बोलतात. नवा आरोग्य कायदा लागू झाला तेव्हापासून बोलण्याला नुसता ऊत आलाय. कायदा तसा सोपा आहे. सगळ्यांच्या पगारातून थोडी कपात, त्यात मालकाची भर, आणि मग ज्यानं नाव नोंदवलंय त्याला उपचार फुकट. पण त्यामुळे रांग फाटकाबाहेर गेली. एक जण येतो आणि म्हणतो, "तुमच्या कायद्यानं वाट लावली, तीन तास उभा आहे." त्याच्या मागची बाई म्हणते, "तुमच्या कायद्यामुळे यायला तरी मिळालं, इतकी वर्षं कुठं होतात?" अहो, कायदा मी केलाय का? मला कुणी विचारलं होतं का? मी शिक्के मारते. संध्याकाळी घरी येते तेव्हा मान अवघडलेली असते आणि दोन घटका कुणी माझ्याशी बोलू नये एवढीच इच्छा असते.

आणि घरी काय? तर तोच कायदा.

माझा नवरा बस चालवतो. युनियनचा माणूस. कायदा यावा म्हणून दोन वर्षं मोर्चे काढत होता, पायाला फोड आणायचा आणि मला दाखवायचा. माझा मोठा भाऊ, दादा, छोटा छापखाना चालवतो. हाताखाली सहा माणसं. तो कायद्याच्या ठार विरोधात. सहा जणांची भर घालायची तर मशीन विकू का, म्हणायचा. कायद्याविरुद्धची पोस्टरं त्यानं स्वतःच्या कागदावर, स्वतःच्या शाईनं, फुकट छापून दिली. दादा माझ्या नवऱ्याला 'पुढारी' म्हणायचा. नवरा त्याला 'शेठ' म्हणायचा. छापखान्याच्या छपराला गळती, आणि म्हणे शेठ.

वहिनी गेल्यापासून दादा दर रविवारी आमच्याकडे जेवायला येतो. जेवण, मग पत्ते, मग चहा. आणि या तिन्हीला तोंडी लावायला भांडण.

लोकांना वाटतं अशी भांडणं पेपर वाचून होतात. आमच्याकडे दोघांनाही पेपरची गरज नव्हती. वहिनीला माझ्याच दवाखान्यात तपासणीची तारीख मिळाली होती सहा आठवड्यांनी. ती चौथ्या आठवड्यात गेली. मी खिडकीत बसून तारीख एक दिवससुद्धा अलीकडे आणू शकले नव्हते. दादाचं म्हणणं, सरकारकडे सगळं दिलं की सगळेच असे रांगेत मरतील. आणि माझ्या सासऱ्यांना खाजगी दवाखान्याच्या दारातून परत पाठवलं होतं, आधी पैसे भरा म्हणून. ते घरी येऊन कॉटवर झोपले ते झोपलेच. माझ्या नवऱ्याचं म्हणणं, निदान रांगेत उभं राहायला तरी मिळालं पाहिजे. आता सांगा, यात कोण चूक? मी दोघांकडे बघायचे आणि भाजी वाढायचे.

एका रविवारी नवरा बोलता बोलता बोलून गेला, "शेठ, हा कायदा आधी असता तर वहिनी आज इथं बसलेल्या असत्या."

दादानं हातातला घास ताटात ठेवला. "तिला यात ओढू नका."

"ओढत नाही, खरं तेच सांगतोय."

"खरं?" दादा उठलाच. "तुमच्या वडिलांना तुम्ही खांद्यावर घेऊन दुसऱ्या दवाखान्यात का नाही गेलात, ते खरं सांगा आधी."

झालं. माझ्या नवऱ्याचा चेहरा असा पांढरा पडला की मला वाटलं आता हात उचलतो. दादा चपला घालून तरातरा निघून गेला. तीन रविवार फिरकला नाही.

चौथ्या आठवड्यात मी छापखान्यात गेले. मशीन धडधडत होतं, दादा एकटाच डबा खात होता, तोही उभ्यानं. मला रडूच फुटलं. म्हटलं, "दिवसभर मी दवाखान्यात मरते आणि रविवारी तुम्ही दवाखाना माझ्या टेबलावर आणून मांडता. मला एक दिवस द्या रे. एकच दिवस." तिथंच उभ्या उभ्या मी तो नियम केला. दादानं माझ्या डोक्यावर टपली मारली, लहानपणी मारायचा तशी. "बरं ठमे. तुझ्यासाठी." मी लहानपणी गोलमटोल होते, तेव्हापासून मी ठमी. नवऱ्याला घरी येऊन बजावलं. तो म्हणाला, "मी कुठं बोलतो? तेच बोलतात." पण कबूल झाला.

आणि काय सांगू, नियम चालला! दोघंही पोरांसारखे हट्टाला पेटले. पहिल्याच महिन्यात नवरा म्हणाला, "दवाखान्यासमोर ट्रॅफिक होता," आणि दादा टाळ्या पिटत ओरडला, "भांडी! भांडी!" नवऱ्यानं मुकाट्यानं बाह्या वर केल्या. एकदा मला कणकण होती, तर नवरा म्हणतो, "त्या पांढऱ्या कोटवाल्यांकडून ती गोल गोल वस्तू आणू का?" आम्ही तिघं इतके हसलो की दादाला ठसका लागला. बराच वेळ लागला. मी पाणी दिलं.

त्याचा आवाज तेव्हा बसायला लागलेला होता. हे मला माहीत होतं. उगाच कशाला खोटं बोलू?

आधी वाटलं थंडी. मग म्हणाला, शाईचा वास. मग म्हणाला, मशीनच्या आवाजात ओरडून ओरडून घसा बसतो, त्यात काय नवीन. फोनवर त्याची जुनी गिऱ्हाइकं विचारायची, शेठ आहेत का, आणि हा खरखरत सांगायचा, अहो मीच बोलतोय. तो हा किस्सा पत्ते पिसताना हसत हसत सांगायचा. नवरा माझ्याकडे बघायचा. मी नवऱ्याकडे बघायचे.

एका रविवारी मी तोंड उघडलंच. "दादा, जरा दाखवून ये ना..."

त्यानं बोट वर केलं. "भांडी!" त्या फाटक्या आवाजात.

"अजून मी शब्द कुठं काढलाय?"

"काढणार होतीस."

नवरा हसला, दादा हसला, मीही हसले आणि गप्प बसले. आता मनातलं सांगते. मला बरं वाटलं होतं. दिवसभर 'कुठं दुखतं, किती दिवस दुखतं' टाइप करून माझा जीव मेटाकुटीला आलेला असायचा. घरात कुणी आजारी नाही असं एक दिवस समजून चालायचं होतं मला. तो दिवस मला हवा होता, म्हणून मी तो घेतला.

नवऱ्यानं का नाही सांगितलं? मी त्याला नंतर विचारलं. म्हणाला, "मी म्हटलं असतं डॉक्टरला दाखवा, तर ते म्हणाले असते, कुठल्या, तुमच्या फुकटच्या? आणि मग कधीच गेले नसते." हेही खरंच. आणि दादाला जायचं तर आधी नोंदणी करायला हवी होती, त्या कायद्याखाली, ज्याच्या विरोधातलं पोस्टर त्याच्याच छापखान्याच्या दारावर चिकटवलेलं होतं. तो नोंदणी करून आला असता तर पुढारी जिंकला असता. बुद्धिबळात प्यादं अडकावं तशी आमची तिघांची तिन्ही प्यादी अडकून बसली आणि आम्ही त्याला शांतता म्हणत होतो.

एका मंगळवारी खिडकीच्या खालच्या भोकातून एक कागद आत आला. कागद धरणाऱ्या बोटांच्या नखांत काळी शाई होती. मी ती नखं ओळखली. मान वर करायला मला वेळ लागला.

दादा होता. इस्त्रीचा शर्ट घातलेला, हातात नंबराची चिठ्ठी.

"अरे, तू कधी आलास? मला फोन करायचास! मागच्या दारानं आत घेतलं असतं."

तो काचेजवळ वाकला. आवाज जवळजवळ नव्हताच. "पोस्टरवर मीच छापलंय ना, ओळखीची माणसं रांग मोडतील म्हणून? मग मी कशी मोडू?"

सकाळी सातपासून उभा होता. अकरा वाजून गेले होते. मागचा माणूस ओरडला, "ताई, गप्पा घरी मारा!" मी दादाचा अर्ज टाइप करायला घेतला. नाव, वय, धंदा. माझ्याच भावाचं नाव टाइप करताना दोनदा चुकलं. मग तो रकाना आला. तक्रार किती दिवसांपासून.

"दादा, कधीपासून?"

त्यानं थोडा विचार केला. "तू छापखान्यात येऊन रडलीस ना, त्याच सुमारास. आठ महिने."

माझ्या खिडकीत, माझ्या डोळ्यांसमोर, भिंतीला एक कागद चिकटवलेला आहे. कुणाच्या अर्जावर लाल शिक्का मारून पुढं पाठवायचं त्याची यादी. सहावी ओळ अशी: आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला असल्यास. मी ती ओळ कितीतरी वर्षं रोज वाचतेय. परक्या माणसांना मी त्यावरून लाल शिक्के मारलेत, एकदा तर एका म्हातारबाबांना हाताला धरून आत नेऊन सोडलंय. ती ओळ मला पाठ होती. आणि रविवारमागून रविवार मी त्याच आवाजासमोर बसून पत्ते खेळले.

मी लाल शिक्का उचलला आणि मारला. शाई कमी लागली होती, म्हणून परत मारला.

तपासणीची तारीख नऊ दिवसांनी मिळाली. दादा चिठ्ठी बघत म्हणाला, "नऊ दिवस. तुझ्या वहिनीला सहा आठवडे होते." मग म्हणाला, "पुढाऱ्याला सांग, खूश होईल." मी घरी येऊन सांगितलं. तो खूश झाला नाही. गणवेश न उतरवता खुर्चीत बसून राहिला आणि म्हणाला, "मी दोन वर्षं मोर्चे काढले गं. आणि माझ्याच टेबलावरच्या माणसाला एकदा 'चला' म्हणालो नाही."

तपासणीनंतर घशाच्या डॉक्टरीणबाईंनी दादाला आणि मला समोर बसवलं. तरुण होत्या, दमलेल्या होत्या, पण सावकाश बोलल्या. स्वरयंत्रावर गाठ. लवकर आला असतात तर नुसत्या किरणांनी भागलं असतं कदाचित. आता स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. जीव वाचण्याची आशा चांगली आहे. श्वास गळ्याला केलेल्या छिद्रातून घ्यायचा. पुढं यंत्रानं, सरावानं बोलता येईल, पण हा आवाज परत येणार नाही.

"घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?" त्यांनी विचारलं. रागानं नाही, त्यांना अर्जात लिहायचं होतं म्हणून.

दादा काहीतरी बोलणार होता, मला वाचवायला. मी त्याच्या आधी बोलले. "आलं होतं," म्हटलं.

ऑपरेशन बुधवारी ठरलं. त्याच्या आधीचा रविवार आला.

दादा नेहमीच्या वेळेला आला. मी नेहमीचंच जेवण केलं होतं. त्याला गिळायला त्रास होत होता म्हणून भाजी जास्त शिजवली होती, पण तसं बोलले नाही. तिघं बसलो. चमच्यांचे आवाज. नवऱ्यानं मीठ पुढं सरकवलं. दादानं मान हलवली. नवरा म्हणाला, "आज गारवा आहे." दादा म्हणाला, "हो." मग पुन्हा चमचे. माझ्या डोक्यात तिडीक गेली. याच्याकडे तीन दिवस उरलेत बोलायचे, आणि आम्ही गारव्यावर बोलतोय! कुणासाठी? माझ्यासाठी. माझ्या त्या दळभद्री नियमासाठी.

मी चमचा आपटला. "कायदा!" म्हटलं. "दवाखाना. डॉक्टर. औषध. चारही काढले मी. झालं? भांडी माझी. आता बोला."

दोघं माझ्याकडे बघत राहिले. ही बया खुळावली की काय असं. मग दादाच्या ओठाचा एक कोपरा वर गेला. त्यानं पाण्याचा घोट घेतला, घसा खाकरला आणि माझ्या नवऱ्याकडे वळला.

"पुढारी," तो म्हणाला, "तुमचा कायदा भिकार आहे."

नवऱ्यानं खाली बघितलं. "खरंय शेठ. तुमचंही काही बाबतीत बरोबर आहे. लहान मालकांवर जरा जास्तच..."

दादानं टेबलावर अशी थाप मारली की पेले उडाले. "खबरदार!" आवाज चिरकला, तरी तो थांबला नाही. "खबरदार माझ्याशी सहमत झालात तर! माझ्याकडे हा आवाज बुधवारपर्यंतच आहे. तो मी तुमची दया ऐकण्यात घालवू? भांडा नीट. मी काय मेलोय?"

माझ्या नवऱ्याचा बांधा म्हशीसारखा आहे, पण तो माणूस तिथं हुंदका देऊन रडला. शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं. खुर्ची पुढं ओढली.

"तुम्हाला काही कळत नाही, शेठ," तो म्हणाला. आवाज अजून ओला होता. "तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रकं छापली, वाचलं एकही नाही."

"वाचलंय. म्हणूनच विरोधात आहे. सहा माणसांची भर कुठून आणू?"

"मग त्यातला एक आजारी पडला की काय कराल? हार घालाल?"

"मी नेईन! माझ्या खिशातून नेईन! नेलंय याआधी!"

"आणि तुमच्या खिशात नसेल तेव्हा?"

मी ताटं उचलली आणि आत गेले. मागं नुसता कल्ला. दादाचा आवाज मधेच फुटत होता, मधेच नुसती हवा येत होती, की परत कुठून तरी धरून आणायचा. नवरा त्याला बोलू देत होता, पण एक इंच सोडत नव्हता. वहिनीचं नाव निघालं. सासऱ्यांचंही निघालं. या वेळी कुणी उठलं नाही.

"ठमे!" दादानं हाक मारली. "तू सांग. तू खिडकीत बसतेस. कोण बरोबर?"

हातांना फेस तसाच, मी दारात जाऊन उभी राहिले. एकवीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. ना घरी, ना रांगेत.

"मला नाही माहीत रे दादा," म्हटलं. "एक जण रांगेत मरतो, दुसरा रांगेबाहेर. मी दोघांचे कागद बघितलेत. मला एवढंच माहीत आहे की माझ्या भिंतीवर तीन आठवडे लिहिलंय आणि मी आठ महिने गप्प बसले. माझं चुकलं. मला माफ कर."

नवऱ्यानं मान खाली घातली.

"तू एकटी होतीस का गप्प?" दादा म्हणाला. अगदी हळू, घोगरं. "घसा कुणाचा होता? चल, भांडी घास. अजून माझं संपलेलं नाही." आणि नवऱ्याकडे वळला. "हां, पुढारी. कुठं होतो आपण?"

मी परत आत आले. तीन माणसांची भांडी ती किती असणार? ताटं झाली, वाट्या झाल्या, मोठं पातेलं झालं. बाहेर दादा म्हणत होता, "नाही, नाही, आधी माझं ऐका." मला वाटलं, नळ बंद केला, हात पुसून बाहेर गेले, की कुणीतरी चहाचं विचारेल आणि हे थांबेल. म्हणून मी धुतलेली ताटं परत साबणात घातली आणि पहिल्यापासून घासायला घेतली.